तुला सांगितलं होतं

विश्रांतवाडी,
१९ जानेवारी २०२५

रुमाना शेख यांस,

नववीच्या मुलांना पत्रलेखन मी शिकवते. मायना चुकला की अर्धा गुण गेला, असं दरवर्षी बजावते. आज माझाच गेला. 'प्रिय' लिहायला हात होत नाही आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिला तर ते खोटं होईल. म्हणून नुसतं नाव.

आपण मला पाहिलेलं आहे. गेल्या गुरुवारी मार्केट यार्डात, आपल्या वडिलांच्या सुक्या मेव्याच्या दुकानात, पाव किलो बेदाणे मागणारी हिरव्या कुर्त्यातली बाई ती मी. घाऊक बाजारात पाव किलो मागणाऱ्याला कोणीही वाटेला लावलं असतं. आपण हसलात, तोलून दिलेत आणि वर मूठभर टाकलेत. मला ती मूठ नको होती. मी आपल्याला बघायला आले होते. आपण ठेंगण्या असाल, चेहऱ्यावर वांग असतील, हमालांवर खेकसत असाल, असं मी बसमध्ये ठरवून टाकलं होतं. यातलं काहीच निघालं नाही. आवाजसुद्धा चांगला आहे. घरी पोचेपर्यंत माझं डोकं ठणकत होतं.

मी दीपमाला. तेजसची बायको. आमचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं, पाहून, पत्रिका जुळवून, दोन्हीकडच्या मानपानासकट.

हे फोनवर लिहिलं असतं तर त्याचा स्क्रीनशॉट निघाला असता. कागद फाडता येतो.

डिसेंबरात मला ताप भरला, जांघेत गाठी आल्या आणि लघवीच्या जागी असे फोड उठले की बाथरूममध्ये ओढणी तोंडात धरून बसायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं: जननेंद्रियावरची हर्पिस. संबंधातून येते, अंगात कायम राहते, मधूनमधून डोकं वर काढते, गोळ्यांनी आटोक्यात राहते. "मिस्टरांना घेऊन या," म्हणाल्या. मिस्टर आले. त्यांना विचारलं तेव्हा तेजस म्हणाला, "मला असलं काही कधीच झालेलं नाही." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही.

आता आपलं नाव मला कसं कळलं ते सांगते. माझ्या सासूबाई, विमलाबाई, यवतमाळकडच्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी सुटे पैसे शोधायला माझी पर्स उघडली आणि गोळ्यांचं पाकीट हातात धरून बाहेर आल्या. "ह्या तं तेजूच्या नागिणीच्या गोळ्या हायेत! तुले नागीण झाली अन् सांगतलं नाही व माय?"

तेजूच्या? मी विचारलं, कधी झाली होती त्याला नागीण?

"मी गावाहून आली होती तवा. तापानं फणफणून रायला होता. कमरेखाली हाय म्हणे, मले दाखवलीबी नाही. ह्याच निळ्या लांबट गोळ्या खाये. अन् ती त्याची मैत्रीण डबा घेऊन येये, रुमाना. मार्केट यार्डात बापाचं सुक्या मेव्याचं दुकान होतं तिच्या. लई जीवाची पोरगी."

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी गेली. बायका तिळगूळ द्यायला येतात आणि विचारतात, डावीकडून आहे की उजवीकडून? दोन्ही तोंडं जुळू देऊ नकोस हं, जुळली की माणूस हाती लागत नाही. सासूबाईंनी गेरू उगाळून ठेवलाय, लेप लावायला. मी म्हणते, मी लावून घेईन. इतकी चौकशी मला माझ्या लग्नातही मिळाली नव्हती. खरं काय ते सांगितलं तर यातली एकही बाई माझ्या घरचं पाणी पिणार नाही.

म्हणून विचारते. ही त्याला आपण दिलीत का? हो किंवा नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावं, खाली दिलाय. घरच्या पत्त्यावर नको.

दीपमाला


विश्रांतवाडी,
२ फेब्रुवारी २०२५

रुमाना,

तुमचं उत्तर मिळालं. शिपाईमामांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दिलं. मी म्हटलं, बेदाण्यांचं बिल आहे.

'नाही. त्याला आधीपासून होती. आमची ओळख वाढली तेव्हाच त्याने मला सांगितलं. आम्ही काळजी घेतली. मला आजपर्यंत झालेली नाही. तुमच्यासाठी वाईट वाटतं.'

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वाईट वाटून घेऊ नका. तो हक्क मी तुम्हाला दिलेला नाही. आणि 'आम्ही'? तुमच्या चार ओळींच्या पत्रात मला सगळ्यात जास्त झोंबला तो हा शब्द. तुम्ही दोघं मिळून काळजी घेत होता. एकत्र बसून ठरवत असाल, आज नको, आज त्याला मुंग्या येताहेत. तो गोळी घ्यायचा तेव्हा तुम्ही पाण्याचा ग्लास देत असाल. माझ्या लग्नात हा पेला कधी भरलाच गेला नाही.

मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल. हो म्हणाला असतात तर तुमचा मनसोक्त राग करता आला असता. तुम्ही नाही म्हणालात आणि मला कुठे उभं राहायचं तेच कळेना. म्हणजे माझ्या नवऱ्याला खरं बोलता येतं. त्याला तोंड आहे. फक्त ते माझ्यासमोर उघडत नाही.

त्याने काय केलं ते ऐका. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने मला अगदी हळू आवाजात विचारलं, "लग्नाआधी तुझं कोणी होतं का? मी रागावणार नाही." मी इतकी भेदरलेली होते की डोक्यात येईल ते सांगत सुटले. कॉलेजात दिग्विजय नावाचा मुलगा होता. गॅदरिंगच्या नाटकानंतर विंगेत त्याने एकदा माझा मुका घेतला होता. एकदाच. हे मी रडत सांगितलं. तेजस माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. मी माफ केलं."

रुमाना, त्याने मला माफ केलं! आणि मी त्याचे आभार मानले. त्या रात्री मी त्याला आवडतात म्हणून भरली वांगी केली. महिनाभर मी त्याच्यासमोर खाली मान घालून वावरले, कात्रजच्या तलावात लहानपणी पोहायचे त्यातून तर आली नसेल ना, असले विचार करत. आणि तुम्ही मार्केट यार्डात गादीवर बसून खुशाल बेदाणे तोलत होतात, निरोगी.

तुमच्या निरोगी असण्याचा मला मत्सर वाटतो. हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे. मी वर्गात बाकावर टेकते तेव्हा, कडक शिवणीची सलवार बाजूला काढून ठेवते तेव्हा, लघवीला बसताना जळू नये म्हणून तांब्याने पाणी ओतत बसते तेव्हा, प्रत्येक वेळी मनात येतं, त्या बाईला यातलं काहीच करावं लागत नाही. पाळी जवळ आली की आता मलाही मुंग्या येतात. त्या आल्या की तुम्हीच आठवता.

एकच विचारायचंय. त्याने तुम्हाला कुठे सांगितलं? कोणत्या शब्दांत? मला ते जसंच्या तसं हवंय.

दीपमाला


कात्रज,
१६ फेब्रुवारी २०२५

रुमाना,

पत्ता बदललाय हे वर दिसेलच. मी माहेरी आले आहे. आईला सांगितलंय की नागीण झालीय आणि सासरी आराम मिळत नाही. आईने लगेच डाव्या-उजव्याची चौकशी केली. शाळेला इथून दोन बस बदलून जाते.

तुझं पत्र वाचलं. तुम्ही वरून तू वर कधी आले ते माझ्या लक्षात आलं नाही. आता राहू दे.

म्हणजे त्याने तुला कात्रजला आणून सांगितलं. सर्पोद्यानात, नागाच्या काचेसमोरच्या बाकावर. सासूबाईंना कळलं तर म्हणतील, जागा बरोबर निवडली. तो म्हणाला, "मला एक आजार आहे, तो बरा होत नाही. तो तुला होऊ शकतो. तुला सगळं सांगतो, मग तू ठरव. आत्ता काही बोलू नकोस." मग डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याने तुला सांगितलं, आणि तू ठरवेपर्यंत फोन करणार नाही असं म्हणून बसस्टॉपपर्यंत सोडून गेला. आठवड्याने तू हो म्हणालीस.

मी इथे वाढलेली आहे. शाळेच्या सहली, पाहुण्यांची पोरं, सगळं त्या सर्पोद्यानात. काल तिकीट काढून गेले आणि तो बाक शोधला. तिथे एक कुटुंब वेफर खात बसलं होतं. मी उभी राहिले ती ते उठेपर्यंत, मग जाऊन बसले. नाग आपला निवांत पडलेला. तू डावीकडे बसली होतीस की उजवीकडे ते लिहिलं नाहीस. मी दोन्हीकडे बसून पाहिलं. इतका मूर्खपणा मी कॉलेजात दिग्विजयसाठीही केला नव्हता.

"तू ठरव." हे दोन शब्द मला कोणी आयुष्यात म्हटलेले नाहीत. तेजसचं स्थळ बाबांनी ठरवलं, हॉल मामांनी, शालू सासूबाईंनी. हा आजारसुद्धा परस्पर ठरला. तुला त्याने विचारलं. म्हणून तुझ्यावर जळते. त्याचा हात तुझ्या हातात होता म्हणून नाही. असेल, त्याचंही मी पुढेमागे बघून घेईन.

निघण्याआधी मी त्याला समोर बसवून विचारलं. तुझं पत्र दाखवलं नाही, फक्त म्हटलं, आईंच्या मते तुला नागीण झाली होती. तो पांढरा पडला. मग म्हणाला, लग्न ठरल्यावर गोळ्या बंद केल्या, घरात तू आणि आई, कोणाच्या तरी हाताला लागल्या असत्या. त्रास व्हायचा तेव्हा ऑफिसचं काम आहे सांगून बाहेरच्या खोलीत झोपायचो. "दीपा, तू सोडून जाशील याची भीती वाटली."

मी म्हटलं, छान वाक्य आहे, फळ्यावर लिहून ठेवते. आणि बॅग भरली.

तो फोन करतो. मी उचलत नाही. सासूबाईंचा मात्र उचलते. त्या रोज विचारतात, "वाळली का व?" आणि मी म्हणते, वाळत आलीय.

तू त्याला का सोडलंस? तो म्हणतो दोन्ही घरं तयार नव्हती. सासूबाई तर अजून तुझं नाव काढून हळहळतात. तुझे वडीलही त्या दिवशी दुकानात मला बसायला स्टूल देत होते, इतके साधे. मग नक्की कोण तयार नव्हतं?

दीपमाला


कात्रज,
९ मार्च २०२५

रुमाना,

तू तीन आठवडे लिहिलं नाहीस तेव्हाच मला वाटलं की काहीतरी आहे.

तुझी वाक्यं इथे उतरवते, म्हणजे मी चूक वाचली नाही याची खात्री होईल. 'घरचे तयार नव्हते हे खरं, पण आम्ही ते निभावलं असतं. मीच थकले. त्याने नुसतं खाजवलं तरी मी दचकायचे. अंगावर साधी पुळी आली तरी मी लॅबमध्ये धावायचे. लग्न, मग मुलं, जन्मभर ही टांगती भीती नको वाटली. त्याला हे माझ्या तोंडून सांगितलं आणि वर म्हटलं, तू हे मला सांगितलंच नसतंस तर बरं झालं असतं. बाहेर सगळ्यांना घरच्यांचं कारण दिलं. दीपमाला, मी त्याला जे बोलले त्याचं त्याने काय केलं ते आता तुमच्याकडे पाहून कळतंय.'

मी हे आईच्या गच्चीत पापड वाळत घालताना वाचलं. पापड तसेच राहिले.

पहिल्यांदा मला राग आला तो त्याच्या बाजूने. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. तुला त्याने सगळं सांगितलं, वेळ दिला, तीन वर्षं गोळ्या घेतल्या, तुला काही होऊ दिलं नाही, आणि शेवटी तू म्हणालीस सांगितलंच नसतंस तर बरं? माझी सगळी जळजळ ज्या एका गोष्टीवर होती, ती तुला नकोशी होती! मी उपाशी आणि तू पानात टाकून उठलीस.

मग त्याचाही आला. तुझ्या एका वाक्यावरून त्याने माझा निकाल लावला. मी रुमाना नाही. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित मीही पळाले असते. कदाचित डॉक्टरीणबाईंकडे जाऊन चार प्रश्न विचारले असते आणि हो म्हटलं असतं. ती दीपमाला आता कोणालाच भेटणार नाही. तिचं मला वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटून घ्यायचा हक्क मला आहे.

तू माफी मागितलीस. ती मला नको. माफी देणं-घेणं मी त्या घरात पुरेसं पाहिलंय. आणि खरं सांगायचं तर आता मला तुझा नव्याने मत्सर वाटतोय. तुला जाता आलं. दुकानात बसतेस, हसतेस, मूठभर जास्त टाकतेस आणि हे सगळं मागे राहिलं. माझ्या बरोबर ते जिथे जाईन तिथे येणार, तेजसकडे परत गेले तरी आणि नाही गेले तरी.

शुक्रवारी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, रोज एक गोळी घेतलीत तर त्रास पुष्कळ कमी होईल, मुलं होतील, बाळंतपणाच्या वेळी आधीपासून काळजी घ्यायची, बस. "हा आजार मोठा नाही हो. त्याच्याभोवती लोक जे गप्प बसतात ते मोठं." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नागीण म्हणून सांगितलंय ना घरी?" निम्म्या बायका तेच सांगतात म्हणे. मला इतकं हसू आलं की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

तुझे बेदाणे आईने शिऱ्यात घातले. चांगले होते.

दीपमाला


कात्रज,
३० मार्च २०२५

रुमाना,

हे शेवटचं. उत्तर पाठवू नकोस.

मी तेजसला निरोप दिला, फोनवर नाही, सर्पोद्यानात भेट. तो आला. आज पाडवा, त्यामुळे बागेत ही गर्दी. नवीन कपड्यातली पोरं काचेवर नाकं लावून उभी. तो बाकासमोर येऊन थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कळलंय, मला काय काय माहीत आहे. मी म्हटलं, बस. आणि तू कुठल्या बाजूला बसली होतीस ते त्याच्या मनात यायच्या आत मीच डावीकडे सरकले.

मी त्याला म्हटलं, असं समज की आपलं अजून लग्न ठरलेलं नाही. पाहण्याचा कार्यक्रम झालाय आणि मोठ्यांनी आपल्याला बोलायला बाहेर पाठवलंय. आता सांग.

"दीपा, आता काय उपयोग?"

"तुला सांगायचं नसेल तर मी पोहे खाऊन घरी जाते."

त्याने सुरुवात केली. तुझ्यावेळी होते तसे शब्द त्याला आता सापडत नव्हते. अडखळला, मध्येच एका पोराचा फुगा येऊन त्याच्या मांडीवर पडला, तो परत दिला, पुन्हा सुरुवात केली. कोणाकडून आली, तेव्हा तो केवढा होता, किती घाबरला होता, सगळं. तुझंही सांगितलं, तू काय म्हणाली होतीस ते, शब्दन्‌शब्द. दिग्विजयवर आला तेव्हा "मी तुला माफ केलं म्हणालो," एवढंच दोनदा म्हणाला आणि सगळ्या बागेसमोर रडला. मी त्याला रुमाल दिला नाही. माझा मलाच लागत होता.

शेवटी मी म्हटलं, आणखी एक वाक्य राहिलंय. त्याला कळेना. मी काचेकडे बघत राहिले. नागाने एकदा कूस बदलली. मग तो म्हणाला, "तू ठरव."

मी म्हटलं, फोन करू नकोस, मी कळवीन. तो उठला, बसस्टॉपपर्यंत सोडू का म्हणाला. मी म्हटलं, नको, मी इथलीच आहे.

घरी येऊन सासूबाईंना फोन लावला आणि म्हटलं, आई, मला नागीण झालेली नव्हती. तेजसलाही नव्हती. काय होतं ते सांगितलं. पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मला वाटलं, गेली ही बाई हातची. मग म्हणाल्या, "म्हणजे तोंडं जुळायचं भेव नाही?" नाही, म्हटलं. "अन् त्यानंच आणली घरात?" हो. "मंग त्याले म्या पाहतो. तू आपल्या मनानं काय ते कर." गेरू बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीला लावून टाकते म्हणाल्या, वाया कशाला घालवायचा.

तू आठवडा घेतला होतास ना ठरवायला? मला एवढा लागला नाही. बस विश्रांतवाडीची असो की शाळेची, गोळी रोज घ्यायची आहे, हे एकदा कळल्यावर बाकीचं संध्याकाळपर्यंत ठरलं. त्याला उद्या सांगेन.

तुला मात्र सांगणार नाही. तो माझा नवरा व्हायच्या आधी तुझा कोण होता ते मी पुसू शकत नाही. त्याचं खरं तू आधी ऐकलंस, त्याचा बाक तुझा आधी होता, त्याचं 'तू ठरव' तुझं आधी होतं. माझं उत्तर तरी त्याला तुझ्या आधी कळू दे.

दीपमाला